ब्रूस लीला खरंच मारामारी यायची का? ओकलंडचं प्रकरण

ब्रूस लीचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतातच. एक म्हणते जगात त्याच्यासारखा फायटर झाला नाही, दुसरी म्हणते अरे तो नट होता, चा-चा डान्सचा चॅम्पियन होता, एक तरी ऑफिशियल फाईट दाखव. मग दोन्हीकडून व्हिडिओ येतात आणि ते सगळे सिनेमातलेच असतात, म्हणजे ज्यात समोरच्याने कधी पडायचं हे आधीच ठरलेलं असतं. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, ना या बाजूचं ना त्या बाजूचं.

मी लहानपणापासून त्याचा फॅन आहे आणि कॉलेजात असताना काही वर्षं बॉक्सिंग पण केलंय, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता टाइमपास नाही. खूप वाचून झाल्यावर मला असं वाटायला लागलं की सगळे किस्से एकत्र करून बेरीज मारण्यापेक्षा एकच प्रकरण घ्यावं आणि ते पार मुळापासून बघावं. ते म्हणजे १९६४ च्या शेवटी कॅलिफोर्नियात ओकलंडला झालेली ब्रूस ली विरुद्ध वाँग जॅक मॅन ही मारामारी. हेच का, तर त्याच्या आयुष्यातल्या खऱ्या मारामाऱ्यांपैकी हीच अशी आहे जिच्याबद्दल दोन्ही बाजूंची माणसं नंतर बोलली, हरलेल्या की जिंकलेल्या ते सोडा, पण बोलली. बाकीच्या बहुतेक किस्स्यांत फक्त ब्रूसच्या मित्रांचा आवाज ऐकू येतो.

आधी त्या वेळचा ब्रूस डोळ्यासमोर आणा, कारण आपल्या डोक्यात १९७३ चा ब्रूस असतो, तो कोरलेल्या अंगाचा. १९६४ चा ब्रूस तो नव्हता. तेव्हा तो २३ वर्षांचा, उंची साधारण ५ फूट ७ इंच, वजन ६०-६५ किलोच्या आत-बाहेर. जन्म सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधला, २७ नोव्हेंबर १९४०, पण वाढला हाँगकाँगला. वडील कॅन्टनीज ऑपेरातले नावाजलेले नट, म्हणून हा लहानपणीच सिनेमात. तेरा-चौदा वर्षांचा असताना इप मॅन या मास्तरांकडे विंग चुन ही कुंग फूची शैली शिकायला लागला, आणि प्रत्यक्ष हात घासून घेतला तो जास्त करून वाँग शुन लिअँगकडून. हा वाँग शुन लिअँग म्हणजे हाँगकाँगच्या गच्च्यांवर होणाऱ्या लढतींमधला तेव्हाचा सगळ्यात मोठा माणूस. (ओकलंडवाला वाँग वेगळा, आडनावात गोंधळ करू नका.)

त्या गच्चीवरच्या लढती म्हणजे काय, तर एका कुंग फू शाळेची पोरं दुसऱ्या शाळेच्या पोरांना बोलवायची, वर जायचं, ग्लोव्ह्ज नाहीत, आणि कोण भारी ते बघायचं. ब्रूसची अशी एक लढत १९५८ च्या सुमारास झाली, त्यात वाँग शुन लिअँग त्याच्याबरोबर होता आणि त्यानेच नंतर सांगितलंय की पहिल्या फेरीत ब्रूसने मार खाल्ला, तोंड सुजलं, आणि तो म्हणायला लागला की पुरे आता. वाँगने त्याला परत उभं केलं आणि दुसऱ्या फेरीत त्याने समोरच्याला झोडपला. मला हा किस्सा फार खरा वाटतो, कारण त्यात घाबरलेला पोरगा आहे. खोटे किस्से असे नसतात, खोट्या किस्स्यांत हिरो घाबरत नाही. त्याच वर्षी हाँगकाँगच्या इंटरस्कूल बॉक्सिंग स्पर्धेत त्याने आधीच्या चॅम्पियनला हरवलं, आणि त्याच वर्षी चा-चाची स्पर्धाही जिंकली. त्याची जी एकमेव नियमात बसणारी, पंच असलेली लढतीची स्पर्धा आहे ती हीच, शाळकरी वयातली.

मग १९५९ ला अमेरिका. सिएटलला रेस्टॉरंटमध्ये काम, शिक्षण, आणि बाजूला कुंग फू शिकवणं. पहिला विद्यार्थी जेसी ग्लोव्हर, कृष्णवर्णीय, ज्युदोवाला. १९६० मध्ये सिएटलच्या वायएमसीएच्या हँडबॉल कोर्टवर एका जपानी कराटेवाल्याने त्याला खेटून खेटून शेवटी लढत लावली, आणि ती ब्रूसने ११ सेकंदात संपवली असं तिथे हजर असलेली त्याची मित्रमंडळी सांगतात. साक्षीदार सगळे ब्रूसचे हे खरं, पण ते स्वतः तगडे, भांडाभांडीतून आलेले लोक होते, आणि त्या दिवसानंतर ते त्याच्याकडे शिकत राहिले, हे पण खरं.

आता ओकलंडकडे येऊ.

१९६४ हे ब्रूसचं फार धावपळीचं वर्ष आहे. २ ऑगस्टला लाँग बीचला एड पार्करच्या कराटे स्पर्धेत त्याने डेमो दिला, तो एक इंचाचा पंच आणि दोन बोटांवरचे पुशअप्स, जे आजही फिरत असतं. १७ ऑगस्टला लिंडाशी लग्न. आणि मग जेम्स यिम लीबरोबर ओकलंडला ब्रॉडवेवर शाळा. हा जेम्स ली वयाने वीस वर्षं मोठा, वेल्डिंगचं काम करणारा, तब्येतीने दणकट, आणि पूर्वी चायनाटाऊनमधल्या टी. वाय. वाँग या जुन्या मास्तरांकडे शिकून भांडून बाहेर पडलेला. म्हणजे बघा, ब्रूस आला तोच आधी पेटलेल्या घरात आला.

आणि हा गप्प बसणाऱ्यातला नव्हताच. जुन्या शैलींमधले ते लांबलचक फॉर्म्स, म्हणजे एकट्याने करायच्या पाठ हालचाली, ती ठरावीक पोझिशनं, हे सगळं कोरड्या जमिनीवर पोहायला शिकण्यासारखं आहे असं तो म्हणायचा. डेमो देताना दुसऱ्यांच्या शैलीची नक्कल करून दाखवायचा आणि ती कशी कामाची नाही हे सांगायचा, आणि ते लाँग बीचला सांगणं वेगळं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमध्ये, त्याच मास्तरांच्या गल्लीत जाऊन सांगणं वेगळं. ऑगस्टच्या शेवटी तिथल्या सन सिंग थिएटरमध्ये एका सिनेमाच्या प्रमोशनला हाँगकाँगची एक नटी आली होती, तिच्याबरोबर ब्रूसचा डेमो ठेवलेला, त्यात स्टेजवर बोलावलेल्या एका लोकल पोराने त्याचा हात अडवला, प्रेक्षकांत हुर्यो उडाली, वातावरण तापलं, आणि शेवटी ब्रूस म्हणाला की कोणाला माझं विंग चुन तपासून बघायचं असेल त्याने ओकलंडच्या शाळेत यावं. शब्द सभ्य होते, पण तिथल्या लोकांच्या कानाला ते उघड आव्हानच वाटलं, आणि मला विचाराल तर तेवढं ब्रूसलाही कळत असणार.

काही आठवड्यांनी डेव्हिड चिन नावाचा तरुण पत्र घेऊन ओकलंडला आला. पत्रावर वाँग जॅक मॅनचं आव्हान. वाँग ब्रूसच्याच वयाचा, हाँगकाँगहून नुकताच आलेला, चायनाटाऊनच्या एका कॅफेत वेटर, उत्तर शाओलिन या कुंग फू शैलीचा तयार माणूस, उंच, सडपातळ, स्वभावाने शांत. त्यालाही स्वतःची शाळा काढायची होती. म्हणजे दोघंही तरुण, दोघांचंही नाव अजून व्हायचं होतं.

इथे एक मोठा गैरसमज आधी बाजूला करतो, कारण सिनेमावाल्यांनी तो डोक्यात फिट करून ठेवलाय. सगळीकडे सांगितलं जातं की ब्रूस गोऱ्यांना आणि काळ्यांना कुंग फू शिकवत होता म्हणून चायनाटाऊनने त्याला थांबवायला माणूस पाठवला. हे लिंडाचं म्हणणं, तिने १९७५ च्या पुस्तकात ते लिहिलंय, आणि ती खोटं बोलते असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण लिंडाला तेव्हा कॅन्टनीज येत नव्हतं. त्या दिवशीचं सगळं बोलणं कॅन्टनीजमध्ये झालं, म्हणजे कारण काय होतं हे तिला ब्रूसकडून कळलं. उलट बाजूने वाँग आणि डेव्हिड चिन दोघंही कायम म्हणत राहिले की विषय थिएटरमधल्या आव्हानाचा होता, गोऱ्यांना शिकवण्याचा नाही. आणि साधा विचार केला तरी ब्रूस सिएटलला १९५९-६० पासून सगळ्या वर्णाच्या लोकांना शिकवत होता, चार-पाच वर्षं कोणी आलं नाही, आणि थिएटरमध्ये बोलल्यावर काही आठवड्यांत पत्र आलं. चायनाटाऊनमध्ये परक्यांबद्दल कडवटपणा होता, असणारच, चिनी लोकांच्या येण्यावर कायद्याने बंदी घातलेला देश होता तो, ती बंदी १९४३ ला उठली तरी वर्षाला १०५ माणसांचा कोटा ठेवलेला. पण या मारामारीचं कारण माझ्या मते मानापमान आणि पोटापाण्याचं होतं. तू आमच्या गावात येऊन आम्हाला बिनकामाचे म्हणतोस, तर दाखव.

आता प्रत्यक्ष दिवस. शाळेचं दार आतून बंद. ब्रूसच्या बाजूला जेम्स ली आणि लिंडा, लिंडा गरोदर. वाँगबरोबर डेव्हिड चिन, ताई ची वाला विल्यम चेन आणि आणखी काहीजण. वाँगच्या बाजूने नियम मांडायला सुरुवात झाली, इथे मारायचं नाही तिथे मारायचं नाही, आणि ब्रूस भडकला. तुम्ही आव्हान दिलंत, आता नियम नाहीत. म्हणजे जे मैत्रीपूर्ण तपासणी म्हणून सुरू होऊ शकलं असतं ते एका मिनिटात जिवावरचं झालं.

आपल्याकडे कुस्तीत सलामी असते ना, हात लावून मग खडाखडी सुरू, तसं वाँगने हात पुढे केला असं वाँगचं म्हणणं, आणि ब्रूसने हात मिळवायचं सोडून चार बोटं सरळ डोळ्यांच्या दिशेने घातली. ब्रूसच्या बाजूची हकिकत सलामीबद्दल फार काही सांगत नाही, पण पहिला हल्ला ब्रूसचा आणि तो तोंडाकडे, याबाबत वाद नाही. विंग चुनमध्ये बोटांनी डोळ्यांवर वार हे शिकवलंच जातं आणि ब्रूसचा तो आवडता होता.

मग हकिकती फुटतात.

लिंडा म्हणते साधारण ३ मिनिटं. वाँग मागे पळायला लागला, ब्रूसने त्याला खोलीभर पळवत मागून मारलं, शेवटी खाली पाडून वर बसला आणि हरलास म्हण असं ओरडत राहिला, वाँगने मान्य केलं. वाँगची आणि विल्यम चेनची हकिकत १९८० मध्ये एका कराटे मासिकात आली, त्यात २०-२५ मिनिटं, वाँगने मुद्दाम लाथा वापरल्या नाहीत कारण त्याला ब्रूसला जखमी करायचं नव्हतं, आणि शेवटी ब्रूसला दम लागला म्हणून थांबलं, निकाल नाही. तो लेख लिहिणारा पत्रकार वाँगचाच विद्यार्थी होता, हे लक्षात ठेवायला हवं, जसं लिंडा ब्रूसची बायको होती हे लक्षात ठेवतो तसं. तिसरा आवाज डेव्हिड चिनचा. तो वाँगच्या बाजूने गेलेला, पण त्याने नंतर जे सांगितलं त्यात वाँग मागे सरकता सरकता अडखळून पडतो, ब्रूस त्याच्या अंगावर येऊन मारायला लागतो, आणि बाकीचे मध्ये पडून सोडवतात.

मला या तिघांत चिनची साक्ष सगळ्यात जड वाटते. माणूस आपल्याच बाजूला न शोभणारं सांगतो तेव्हा त्याला त्यातून काही मिळत नाही. आणि त्याचा शेवट लिंडाच्या शेवटाशी जुळतो. ब्रूस वर, वाँग खाली. वाँगने तोंडाने हार मानली की लोकांनी सोडवलं, हा फरक उरतो, आणि तो कदाचित त्या पाच सेकंदांत दोन्ही झालं असेल.

वेळेचं बोलू. २०-२५ मिनिटं हे मला पटतच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टोकियो ऑलिंपिकला जो फ्रेझरने हेवीवेटचं गोल्ड घेतलं, तिथे ३ मिनिटांचे ३ राऊंड, मध्ये विश्रांती, आणि ती वर्षानुवर्षं तेवढ्यासाठीच तयारी केलेली माणसं. ज्याने कधी रिंगमध्ये पूर्ण ताकदीने ३ मिनिटं काढलीत त्याला माहीत आहे की दुसऱ्या मिनिटाला हात शिशाचे होतात, मी स्वतः पहिल्या स्पॅरिंगला दीड मिनिटानंतर गार्ड वर ठेवू शकत नव्हतो आणि तेव्हा मी रोज पळायचो. ज्यांना असल्या सरावाची सवय नाही अशा दोन तरुणांनी, उघड्या मुठीने, नियम नसताना, २० मिनिटं मारामारी करायची आणि कोणालाच मोठी इजा नाही, हॉस्पिटल नाही, हे बसत नाही. मात्र भीतीत वेळ लांबतो हे पण खरं, त्यामुळे विल्यम चेन मुद्दाम खोटं बोलला असं नाही. आधीची बाचाबाची, नियमांवरचा वाद, नंतरची आरडाओरड, हे सगळं धरून त्याला तो अर्धा तास वाटला असेल. प्रत्यक्ष मारामारी काही मिनिटांची.

आणि वाँग पळाला की वाँगने अंतर ठेवलं? माझ्या मते हे एकाच हालचालीचं दोन बाजूंनी केलेलं वर्णन आहे. उत्तरेकडच्या शैली लांबून खेळतात, मोठी पावलं, लांब हात, लाथा. समोरचा डोळे फोडायला येतोय आणि नियम नाहीत म्हटल्यावर मागे सरकत, गोल फिरत राहणं हेच त्याने शिकलेलं होतं. विंग चुन बरोबर उलटं. विंग चुनचा सगळा खेळ हाताला हात लागलेल्या अंतरावरचा, ची साव या जोडीने करायच्या सरावात तेच घोटून घेतात, समोरच्याचा हात अडकवायचा, मधली रेघ धरायची आणि चेन पंच, एकामागून एक सरळ ठोसे. पण त्यासाठी समोरचा समोर उभा राहायला लागतो. तो मागेच सरकत राहिला, पाठ फिरवून फिरला, तर अडकवणार काय? मग तुम्ही त्याच्या मागे धावता, चालू धावेत ठोसे मारता, ते चुकतात, आणि चुकलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो हे कुठल्याही बॉक्सिंग कोचला विचारा. जे लागतात ते डोक्याच्या मागच्या हाडावर, उघड्या मुठीने. हात सुजतो. ब्रूस स्वतः पुढे सांगायचा की पळणाऱ्याच्या डोक्यावर मागून मारून मारून त्याच्याच मुठी सुजल्या आणि तेव्हाच त्याला कळलं की आपलं विंग चुन पुरेसं नाही.

हे प्रकरण मला इतकं महत्त्वाचं का वाटतं ते इथे येतं. लिंडाने सांगितलंय की सगळे निघून गेल्यावर ब्रूस शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर डोकं हातात धरून बसलेला. जिंकलेला माणूस. बायको बघतेय, पार्टनर बघतोय, समोरचे लोक निघून गेलेत, आता बाहेर जाऊन छाती काढून सांगायचं. आणि तो बसलाय, कारण जे काही सेकंदांत संपायला हवं होतं त्याला मिनिटं लागली आणि दम संपला. सिएटलला ११ सेकंद, इथे हे असं.

जो नुसता नट असतो त्याला एवढं लागत नाही. त्याला लोकांनी काय बघितलं तेवढंच महत्त्वाचं असतं. ब्रूसला स्वतःला काय जाणवलं ते लागलं. आणि हेच दुसऱ्या बाजूनेही बघावं लागतं, की ज्याला एका मागे सरकणाऱ्या तरुणाला धरता आलं नाही आणि काही मिनिटांत श्वास संपला, तो त्या दिवशी तरी अजिंक्य नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच पायरीवर बसलेल्या आहेत.

त्यानंतर त्याने काय बदललं ते बघा म्हणजे पटेल. आधी दम. रोजचं पळणं, दोरीउड्या, सायकल, हे सगळं यानंतर आयुष्यभर आलं. वजनं आली, ती पण इतकी की १९७० मध्ये वजन उचलताना पाठीला मोठी दुखापत झाली आणि डॉक्टरांनी लाथा मारणं विसर असं सांगितलं. मग पाय. त्याने मुहम्मद अलीच्या लढतींची फिल्म पुन्हा पुन्हा बघितली, त्याचा भाऊ पीटर तलवारबाज होता, फेन्सिंगमधलं ते पुढे झेपावणं आणि समोरचा हल्ला सुरू करतानाच त्याला मध्येच टोचणं, हे उचललं. १९६७ मध्ये त्याने स्वतःच्या पद्धतीला जीत कुन डो नाव दिलं, अर्थ अडवणाऱ्या मुठीचा मार्ग, आणि ते मुळात फेन्सिंगमधलंच तत्त्व आहे. म्हणजे ओकलंडला ज्याच्यामागे धावायला लागलं, तसल्याला धावायच्या आधीच गाठायचं.

आणि कुस्तीचा भाग. १९६६ ला टीव्ही मालिकेच्या सेटवर जीन लबेल भेटला, ज्युदोचा अमेरिकन चॅम्पियन, ब्रूसपेक्षा कितीतरी जड, त्याने ब्रूसला उचलून खांद्यावर टाकलं असा किस्सा आहे, आणि मग दोघं एकमेकांना शिकवायला लागले. हा लबेल कोण, तर डिसेंबर १९६३ मध्ये सॉल्ट लेक सिटीला मायलो सॅव्हेज या प्रोफेशनल बॉक्सरशी तिकीट लावून, पंच ठेवून लढला आणि चौथ्या राऊंडला गळा आवळून त्याला बेशुद्ध केलं. ओकलंडच्या आधी फक्त एक वर्ष. म्हणजे वेगवेगळ्या शैलींची उघड लढत तेव्हा शक्य होती, झाली होती, निकाल नोंदवला गेला होता. ब्रूसच्या चाहत्यांनी हे मान्य करायला हवं. तेव्हा असलं काही नव्हतंच म्हणून त्याचं रेकॉर्ड नाही, हे पूर्ण खरं नाही. कराटेच्या पॉइंट स्पर्धांना तो जायचा नाही कारण लागू न देता थांबवलेला ठोसा त्याला खोटा वाटायचा, इथपर्यंत ठीक. पण १९७० च्या जानेवारीत अमेरिकेत किकबॉक्सिंग सुरू झालं, पूर्ण कॉन्टॅक्ट, आणि त्यात उतरलेला जो लुईस हा हेवीवेट चॅम्पियन ब्रूसकडेच प्रायव्हेटली शिकलेला. शिष्य रिंगमध्ये गेला, गुरू गेला नाही.

पण शिष्य कोण होते हे पण पुराव्यातच धरतो मी. जो लुईस, चक नॉरिस, माईक स्टोन, हे तिघं तेव्हाचे कराटेचे अव्वल स्पर्धक, रोज मार देणारे आणि खाणारे. अशी माणसं ६३ किलोच्या एका टीव्ही नटाबरोबर सराव करायला वेळ घालवतात, तर त्यांना त्याच्यात काहीतरी दिसत असणार, आणि ते जे सांगतात ते सगळे एकच सांगतात, वेग. अंतर कधी कापलं ते कळायचं नाही. त्याच १९६७ ला लाँग बीचला तो हेडगिअर, ग्लोव्ह्ज, छातीचं संरक्षण घालून खरा स्पॅरिंग करताना दिसतो, ते फुटेज उपलब्ध आहे आणि ज्यांना सिनेमा सोडून काहीतरी बघायचंय त्यांनी ते बघा. समोर त्याचेच विद्यार्थी आहेत हे धरून चला, तरीही पुढच्या पायाने तो ज्या क्षणी शिरतो तो क्षण बघण्यासारखा आहे. आणि हेही बघा की कुंग फूवाला असून अंगावर पूर्ण गिअर आहे, कारण खरं मारायचं तर गिअर लागतंच, ही समज तेव्हा फार कमी जणांना होती.

तर माझं मत. हो, त्याला लढता यायचं, आणि त्याच्या वजनाच्या माणसात फार धोकादायक होता, विशेषतः पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत. ओकलंडला तो जिंकला असंच मी धरतो, पण चितपट म्हणावी अशी ती निकाली नव्हती, ओढाताणीची होती. अली किंवा फ्रेझरसमोर काय झालं असतं हे विचारणं त्याच्यावरच अन्याय, तीस-पस्तीस किलोंचा फरक कुठलीही शैली भरून काढत नाही, म्हणून तर वजनी गट असतात. आणि चॅम्पियन हा शब्द मी त्याच्यासाठी वापरणार नाही, कारण तो शब्द ज्यांनी अनोळखी माणसाबरोबर, अनोळखी पंचासमोर, पुन्हा पुन्हा उभं राहून मिळवलाय त्यांचा आहे. पण ज्या तऱ्हेने त्याने एका खराब विजयानंतर स्वतःची सगळी पद्धत उलथून टाकली, जिच्यात दहा-अकरा वर्षांचं आयुष्य गेलं होतं ती, ते करायला लढणाऱ्या माणसाचंच मन लागतं.

एक गोष्ट राहिली, आणि ती वाँगच्या बाजूने सांगायलाच हवी. जानेवारी १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी भाषेतल्या साप्ताहिकात वाँगने त्याची बाजू छापून आणली, आणि त्यात म्हटलं की यापुढे पेपरात भांडणार नाही, परत लढायची वेळ आली तर सगळ्यांसमोर लढू, लोक डोळ्यांनी बघतील. हे उघड आमंत्रण होतं. आपल्या खासबागेत कसं, माती, पंच आणि चारी बाजूंनी बघणारी माणसं, म्हणून उद्या कोणी काही बोललं तरी शंभर जण सांगायला उभे असतात. वाँग तेच मागत होता. ब्रूसने उत्तर दिलं नाही.

घाबरला म्हणायचं? मी ते दिवस कॅलेंडरवर मांडून बघितले. महिन्याच्या शेवटी वाँगचं पेपरातलं पत्र. १ फेब्रुवारीला ब्रूसचा मुलगा ब्रँडन जन्मला. ४ फेब्रुवारीला लॉस एंजेलिसला फॉक्स स्टुडिओत त्याची पहिली स्क्रीन टेस्ट, तीच ज्यात तो काळ्या सुटात बसून बाळ झाल्यामुळे तीन दिवस झोप नाही असं हसत सांगतो. त्यानंतर काही दिवसांतच हाँगकाँगला वडील गेले. दोन आठवड्यांच्या आत हे सगळं. त्यानंतरचा ब्रूस दुसऱ्याच रस्त्याला लागला होता.

वाँगने पुढे सॅन फ्रान्सिस्कोला शाळा चालवली, फोर्ट मेसनला वर्षानुवर्षं शिकवलं, अगदी २००५ पर्यंत. उत्तर शाओलिन, शिंग यी, ताई ची. त्याच्याकडे शिकलेले लोक त्याच्याबद्दल फार आदराने बोलतात, आणि ब्रूस लीशी लढलेला माणूस म्हणून त्याने त्या दिवसाची जाहिरात कधी केली नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तो गेला, ब्रूस जाऊन तेव्हा ४५ वर्षं झाली होती.